जालन्यातील बियाणे उद्योग व संशोधन

जालन्यातील बियाणे उद्योग हा महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील जालना शहर व परिसरात १९६०च्या दशकापासून विकसित झालेला, संशोधनावर आधारलेला कृषिउद्योग आहे. संकरित वाणांची पैदास, बीजोत्पादन, बियाण्यावरील प्रक्रिया व साठवण, गुणवत्ता चाचणी आणि वनस्पती जैवतंत्रज्ञान ही या उद्योगाची प्रमुख अंगे होत. १९६४ साली येथे स्थापन झालेली महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी (महिको) ही भारतातील खाजगी बियाणे क्षेत्राच्या आद्य कंपन्यांपैकी एक मानली जाते. भारतात व्यापारी लागवडीसाठी परवानगी मिळालेले पहिले जनुकीय परिवर्तित पीक, म्हणजे बीटी कापूस, याच कंपनीच्या संकरित वाणांच्या रूपाने २००२ मध्ये शेतात आले.

महाराष्ट्रात उच्च तंत्रज्ञानाचे केंद्र म्हटले की सामान्यतः पुण्याचा उल्लेख होतो. जालन्याचे उदाहरण त्याहून वेगळे आहे. मर्यादित पाऊस आणि अपुरे पाणी असलेल्या एका व्यापारी शहरात प्रयोगशाळा, कारखाने आणि आसपासच्या खेड्यांतील शेते यांची साखळी तयार झाली. या साखळीची बलस्थाने आणि तिच्या मर्यादा या दोन्हींचा संबंध कोरडवाहू शेतकऱ्याच्या पेरणीशी येतो.

पार्श्वभूमी

जालना हे कुंडलिका नदीकाठी वसलेले शहर पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. कापूस, धान्य व कापड यांची बाजारपेठ म्हणून ते संपन्न होते. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण या संपन्नतेची साक्ष देते. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गामुळे येथील बाजारपेठ एकीकडे मुंबईशी आणि दुसरीकडे हैदराबादशी जोडली गेली. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांतील काही भाग वेगळा करून जालना जिल्हा निर्माण करण्यात आला.

जिल्ह्यातील शेती प्रामुख्याने पावसावर अवलंबून आहे. मध्यम ते भारी काळी जमीन, मोसमी पावसानंतर येणारा दीर्घ कोरडा काळ आणि लहान धारणक्षेत्रे ही येथील शेतीची वैशिष्ट्ये आहेत. पिकांच्या दृष्टीने पाण्याची टंचाई ही उणीव असली, तरी बीजोत्पादनाच्या दृष्टीने कोरडे हवामान उपकारक ठरते. दाणा पक्व होताना हवेत ओलावा कमी असल्यास बियाण्यावर बुरशी कमी वाढते, ते नीट वाळते आणि त्याची उगवणशक्ती टिकते.

संकरित बियाण्याचे तत्त्व

एकाच पिकाच्या दोन भिन्न, शुद्ध वाणांचा संकर केल्यास पहिल्या पिढीतील झाडे पुष्कळदा दोन्ही जनकांपेक्षा जोमदार होतात. या गुणधर्मास संकरजोम असे म्हणतात. मात्र पहिल्या पिढीतील झाडांचे बी पुन्हा पेरल्यास पुढच्या पिढीत गुणांची फाटाफूट होते. काही झाडे उंच, काही ठेंगणी, काही लवकर तर काही उशिरा पक्व होणारी निघतात. त्यामुळे संकरित पीक घेणाऱ्या शेतकऱ्यास दरवर्षी नवे बियाणे विकत घ्यावे लागते.

या एका वैशिष्ट्यातून बियाणे उद्योगाचे अर्थकारण निर्माण झाले. सरळ वाणाचे बी शेतकरी घरी राखून ठेवू शकतो. संकरित वाणाचे जनक मात्र पैदासकाराच्या ताब्यात असतात. संशोधनावर केलेला खर्च दरवर्षीच्या विक्रीतून भरून निघण्याची शक्यता असल्यामुळे खाजगी भांडवल या क्षेत्राकडे वळले.

इतिहास

स्वातंत्र्यानंतर अन्नधान्याच्या टंचाईमुळे सुधारित बियाण्याची निकड भासू लागली. १९६३ मध्ये राष्ट्रीय बीज निगम स्थापन झाले. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा ज्वारीचा आणि १९६५ मध्ये एचबी-१ हा बाजरीचा संकरित वाण प्रसारित झाला. १९६६ मध्ये बियाणे अधिनियम संमत झाला. सरकारी संशोधन संस्था वाण निर्माण करीत होत्या. परंतु त्यांचे शुद्ध बी मोठ्या प्रमाणावर तयार करून गावोगावी पोचविणारी यंत्रणा अपुरी होती.

ही उणीव जालन्याचे बद्रीनारायण बारवाले यांनी हेरली. भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘पुसा सावनी’ या भेंडीच्या वाणाच्या बीजोत्पादनाने त्यांनी सुरुवात केली. १९६४ मध्ये त्यांनी महिकोची स्थापना केली. ज्वारी, बाजरी, कापूस व भाजीपाला यांचे बियाणे शेतकऱ्यांच्याच शेतात करारपद्धतीने तयार करून घेणे, ते गोळा करून त्यावर प्रक्रिया करणे आणि विक्रेत्यांच्या जाळ्यामार्फत विकणे, अशी पद्धत या कंपनीने रूढ केली. पुढे स्वतःचे पैदास कार्यक्रमही सुरू झाले. या कार्याबद्दल बारवाले यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार आणि २००१ मध्ये पद्मभूषण हे सन्मान प्राप्त झाले. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९८८च्या नव्या बीज धोरणाने परदेशी जननद्रव्य व तंत्रज्ञान आयात करण्याचा मार्ग सुलभ केला. १९९१ नंतरच्या उदारीकरणाने विदेशी भागीदारीस चालना मिळाली. जालन्यात महिकोबरोबरच नेदरलँड्समधील बेजो या कंपनीच्या सहकार्याने उभी राहिलेली बेजो शीतल, तसेच कृषिधन यांसारख्या कंपन्या वाढल्या. एका कंपनीत अनुभव घेतलेले पैदासकार, तंत्रज्ञ व विक्री अधिकारी दुसऱ्या कंपन्यांत गेले, काहींनी स्वतःचे व्यवसाय सुरू केले, आणि शहरास ‘बियाण्यांची राजधानी’ अशी ओळख मिळाली.

बीजोत्पादनाची पद्धत

संकरित बियाण्याचे उत्पादन हे बहुतांशी हातांनी करावयाचे, बारकाईचे काम आहे. कापसाच्या फुलात नर व मादी अशी दोन्ही अंगे असतात. त्यामुळे मादी वाणाच्या उमलू पाहणाऱ्या कळीतील पुंकेसर दुपारनंतर अलगद काढून टाकतात आणि ती ओळखू यावी म्हणून तिच्यावर लाल कागदी पिशवी लावतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाच्या ताज्या फुलातील परागकण त्या फुलाच्या कुक्षीवर लावतात. हंगामभर हे काम रोज चालते. कापूस, भेंडी, टोमॅटो, मिरची व वांगी या पिकांत असे मनुष्यबळ अपरिहार्य असते आणि त्यात स्त्रियांचा वाटा मोठा असतो. बाजरीसारख्या पिकात मात्र नरवंध्य जनक वापरले जात असल्यामुळे परागीकरण वाऱ्याने होते आणि हाताने पुंकेसर काढावे लागत नाहीत.

बीजोत्पादनाच्या शेताभोवती त्याच पिकाचे दुसरे शेत ठरावीक अंतराच्या आत असू नये, हा महत्त्वाचा नियम आहे. या अंतरास विलगीकरण अंतर म्हणतात. त्यासाठी शेजारच्या शेतकऱ्यांची संमती व सहकार्य लागते. जालना जिल्ह्याच्या उत्तर भागात आणि लगतच्या बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा व सिंदखेड राजा परिसरात भाजीपाल्याच्या संकरित बियाण्याचे उत्पादन शेडनेटमध्ये घेतले जाते. थोड्या क्षेत्रावर, ठिबक सिंचनाच्या मदतीने आणि घरातील माणसांच्या श्रमावर हे काम चालते. त्यामुळे लहान शेतकऱ्यास ते परवडते. मात्र शुद्धतेच्या चाचणीत माल नापास झाल्यास हंगामाचे श्रम वाया जाण्याची जोखीम त्यात असते.

तयार बियाणे कारखान्यात वाळवून, चाळून, वजन व आकारानुसार प्रतवारी करून, औषधप्रक्रिया करून पिशव्यांत भरतात. प्रत्येक खेपेतील नमुन्याची उगवणशक्ती, ओलावा व भौतिक शुद्धता तपासतात. आनुवंशिक शुद्धता पाहण्यासाठी नमुन्याचे बी शेतात पेरून आलेल्या झाडांची पाहणी करतात, किंवा डीएनए खुणांच्या साहाय्याने प्रयोगशाळेत तपासणी करतात. शेतातील पाहणीस एक हंगाम लागतो, तर प्रयोगशाळेतील तपासणी काही दिवसांत होते.

संशोधन

जालना–छत्रपती संभाजीनगर मार्गावरील दावलवाडी येथे महिकोचे जीवविज्ञान संशोधन केंद्र आहे. वनस्पती पैदास, ऊतिसंवर्धन, रेणवीय खुणांच्या आधारे निवड आणि जनुक परिवर्तन या शाखांत तेथे काम चालते. बेजो शीतलच्या संशोधनाचा भर भाजीपाला पिकांवर आहे.

खाजगी संशोधनाला सार्वजनिक संस्थांचा आधार राहिला आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या परभणी येथील कृषी विद्यापीठाचे (सध्याचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) कृषी संशोधन केंद्र जालना जिल्ह्यातील बदनापूर येथे असून ते कडधान्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे विकसित झालेला बीडीएन-७११ हा पांढऱ्या तुरीचा वाण सुमारे १५० ते १६० दिवसांत तयार होतो. दीर्घ मुदतीच्या तुरीस शेंगा भरण्याच्या वेळी ओल कमी पडते. हा वाण त्याआधीच पक्व होत असल्याने अवर्षणप्रवण भागात तो उपयुक्त ठरतो. तूर हे या वाणांत सरळ वाणाच्या रूपात असल्यामुळे शेतकरी त्याचे बी स्वतः राखू शकतो. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेनेही २००० नंतर ज्वारी व बाजरीच्या संकरित जनकांसाठी खाजगी कंपन्यांशी भागीदारी केली. जालना शहराजवळील खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्र संशोधन आणि शेतकरी यांच्यातील दुवा म्हणून कार्य करते.

बीटी कापूस

‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ या जमिनीतील जिवाणूचे एक जनुक कापसात घातल्यास झाडात असे प्रथिन तयार होते, की जे बोंडअळीच्या पोटात गेल्यावर तिला मारक ठरते. अमेरिकेतील मॉन्सँटो कंपनीने विकसित केलेले हे जनुक असलेले कापसाचे बी महिकोने १९९६ मध्ये भारतात आणले. हे मूळ वाण भारतीय परिस्थितीस अनुकूल नव्हते. त्यामुळे त्याचा संकर भारतीय जनक वाणाशी करून, येणाऱ्या संततीचा पुन्हा पुन्हा त्याच भारतीय जनकाशी संकर करण्यात आला. अनेक पिढ्यांनंतर मूळ भारतीय वाणाचे जवळजवळ सर्व गुण आणि एक नवे जनुक एवढेच शिल्लक राहते. या पद्धतीस प्रतीप संकर म्हणतात.

मार्च २००२ मध्ये केंद्र शासनाच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने महिकोच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. २००६ मध्ये दोन जनुके असलेले ‘बोलगार्ड-२’ आले. महिको आणि मॉन्सँटो यांच्या संयुक्त कंपनीने हे तंत्रज्ञान इतर कंपन्यांनाही परवान्याने दिले, आणि दशकभरात देशातील बहुतेक कापूस क्षेत्र बीटी वाणांखाली आले.

प्रारंभीच्या वर्षांत हिरव्या बोंडअळीवरील फवारण्या कमी झाल्या. मात्र गुलाबी बोंडअळीने कालांतराने दोन्ही पिढ्यांच्या तंत्रज्ञानास प्रतिकारशक्ती विकसित केली. २०१७च्या हंगामात महाराष्ट्रातील कापूस पट्ट्यात तिचा मोठा प्रादुर्भाव झाला. याची कारणे अनेक आहेत. बीटी कापसाभोवती बिगर-बीटी कापसाच्या ओळी पेरण्याची शिफारस होती आणि त्यासाठी बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बी स्वतंत्रपणे दिले जाई. या आश्रय पिकावर वाढलेल्या अळ्यांना बीटीची सवय होत नाही आणि त्यांच्या संकरामुळे प्रतिकारक पिढीची वाढ मंदावते. प्रत्यक्षात हे बी अनेक ठिकाणी पेरले गेले नाही. दीर्घ मुदतीचे वाण आणि वेचणी संपल्यावरही ओलिताच्या आधारे पीक पुढे चालू ठेवण्याची फरदडीची पद्धत यांमुळे अळीला जवळजवळ वर्षभर खाद्य मिळत राहिले. पुढे बिगर-बीटी बी एकाच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत स्वीकारण्यात आली.

बियाण्याची किंमत हाही वादाचा विषय ठरला. तंत्रज्ञानाच्या स्वामित्वशुल्कामुळे पाकिटाची किंमत वाढते, अशी तक्रार होती. तर किमती नियंत्रित केल्यास नवे संशोधन थांबेल, असा उद्योगाचा युक्तिवाद होता. महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्याच्या किमतीच्या नियमनासाठी कायदा केला. २०१५च्या केंद्रीय आदेशानंतर २०१६ मध्ये बोलगार्ड-२च्या ४५० ग्रॅम पाकिटाची कमाल किंमत ८०० रुपये ठरविण्यात आली.

बीटी वांगे

शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीस प्रतिकारक असलेले वांगे महिकोने धारवाड व कोइंबतूर येथील कृषी विद्यापीठांच्या सहकार्याने विकसित केले. १४ ऑक्टोबर २००९ रोजी मान्यता समितीने त्यास अनुकूलता दर्शविली. परंतु जाहीर सुनावण्यांनंतर ९ फेब्रुवारी २०१० रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी त्यास स्थगिती दिली. खाद्यपिकाच्या सुरक्षिततेविषयी अधिक स्वतंत्र चाचण्या व्हाव्यात आणि भारत हे वांग्याच्या जैवविविधतेचे केंद्र असल्याने सावधगिरी बाळगावी, ही त्यामागील प्रमुख कारणे होती. याच तंत्रज्ञानावर आधारलेल्या चार वाणांना बांगलादेशाने २०१३ मध्ये परवानगी दिली. जालन्याजवळ विकसित झालेले तंत्रज्ञान अशा प्रकारे परदेशात शेतापर्यंत पोचले आणि देशात थांबले. दिल्ली येथील सार्वजनिक संस्थेने विकसित केलेल्या दुसऱ्या एका बीटी वांग्याच्या वाणांच्या क्षेत्रचाचण्यांसाठी बेजो शीतलनेही पुढाकार घेतला आहे.

बलस्थाने

जालना हे संशोधनाधारित उद्योगाचे केंद्र बनण्यास पुढील घटक कारणीभूत ठरले आहेत.

* कुशल मनुष्यबळ: परागीकरण करणाऱ्या मजुरापासून रेणवीय जीवशास्त्रज्ञापर्यंत सर्व स्तरांवरील अनुभवी माणसे एकाच परिसरात उपलब्ध आहेत. शेतातील हे कौशल्य एका पिढीकडून दुसरीकडे आले असून ते अल्पावधीत अन्यत्र निर्माण करणे कठीण असते.
* हवामान: कोरड्या हवेमुळे बियाण्याची प्रत चांगली राहते. तसेच अवर्षणात तग धरणाऱ्या वाणांची कसोटी येथील शेतातच लागते.
* व्यापारी परंपरा: उधारी, वितरण आणि ग्रामीण विक्रेत्यांशी संबंध यांचा येथील व्यापाऱ्यांस जुना अनुभव आहे.
* दळणवळण: लोहमार्गाबरोबरच मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो. डिसेंबर २०२३ मध्ये जालना–मुंबई वंदे भारत एक्सप्रेस सुरू झाली.
* पूरक उद्योग व शिक्षण: भंगार लोखंड विजेच्या भट्ट्यांत वितळवून सळया तयार करणारा पोलाद उद्योग शहरात मोठा आहे. २०१८ मध्ये मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा संकुल जालन्यात सुरू झाले. 

मर्यादा

पाणी ही सर्वांत मोठी अडचण आहे. निजामकालीन घाणेवाडी जलाशय अपुरा पडू लागल्यावर शहरास जायकवाडी धरणातून दूरवरून पाणी आणावे लागले. २०१२-१३च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या अनेक बागा वाळून गेल्या. बीजोत्पादनास पाणी थोडे लागत असले, तरी ते ठरलेल्या वेळीच लागते.

दुसरी मर्यादा वाणांच्या निवडीसंबंधी आहे. संकरित बियाण्यातून उत्पन्न मिळत असल्यामुळे खाजगी संशोधन स्वाभाविकपणे संकरित वाणांकडे झुकते. जगातील बहुतेक प्रमुख कापूस उत्पादक देशांत सरळ वाण पेरले जातात, तर भारतात संकरित वाणांचे प्राबल्य आहे. संकरित बियाणे महाग असल्याने झाडे विरळ लावली जातात. हलक्या, कोरडवाहू जमिनीत कमी मुदतीचे सरळ वाण दाट लावणे अधिक फायद्याचे ठरू शकते, असे मत अनेक कृषिशास्त्रज्ञांनी मांडले आहे.

शेतकऱ्यांच्या दृष्टीने महत्त्व

जालना–मंठा मार्गावरील वाटूर (ता. परतूर) यासारख्या गावांत या सर्व संशोधनाची कसोटी जूनमधील पेरणीच्या वेळी लागते. कापूस, सोयाबीन व तूर ही या भागातील खरिपाची प्रमुख पिके आहेत. त्यांपैकी कापसाचे बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. सोयाबीन व सरळ वाणाची तूर यांचे बी घरी राखता येते. बी उगवले नाही तर दुबार पेरणी करावी लागते आणि तोपर्यंत हंगामातील मोलाचे दिवस निघून गेलेले असतात. २०२०च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मोठ्या संख्येने आल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली.

घरच्या सोयाबीनची उगवण तपासण्याची सोपी रीत कृषी विभाग सुचवितो. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने ठेवून, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवतात व त्यावर अधूनमधून पाणी शिंपडतात. काही दिवसांनी सत्तर किंवा अधिक दाण्यांना चांगले कोंब आलेले आढळल्यास ते बी पेरणीस योग्य समजतात. उगवण थोडी कमी असल्यास एकरी बियाण्याचे प्रमाण वाढवितात.

कायद्यानेही शेतकऱ्यास काही हक्क दिले आहेत. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ नुसार शेतकरी संरक्षित वाणाचेही बी राखू, पेरू, देऊ-घेऊ आणि विकू शकतो. मात्र ते नाममुद्रा लावून विकता येत नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक असल्याचा निर्वाळा दिला. त्यामुळे सदोष बियाण्याबद्दल त्यास ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. बियाणे न उगवल्यास तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीकडे अर्ज करावा लागतो आणि समिती शेताची पाहणी करून पंचनामा करते. खरेदीची पावती, पिशवीवरील खूणचिठ्ठी आणि थोडे शिल्लक बी जपून ठेवणे त्यासाठी आवश्यक असते, कारण बियाण्याची खेप त्यांवरूनच ओळखता येते.

हेही पाहा

* जालना जिल्हा
* परतूर तालुका
* बद्रीनारायण बारवाले
* वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ
* बीटी कापूस